शुभहस्ते

लिफ्टमध्ये कुणाचा तरी फोन पडला. "गेला बिचारा," तो म्हणाला, आणि सकाळच्या त्या दाटीत दोघं-तिघं हसले, कारण काचेचा फोन पत्र्यावर आपटल्याचा आवाज ज्याचा फोन नसेल त्याला गमतीचाच वाटतो. शेजारी उभ्या असलेल्या हिशेब खात्यातल्या बाईंना त्यानं वर सांगितलंसुद्धा, "बघा हो, तुमचा तर नाही?" बाईंनी घाईघाईनं पर्स चाचपली. मग त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या बुटांकडे. हसणारे गप्प झाले. त्याच्या दोन बुटांच्या मधोमध त्याचा स्वतःचा फोन पालथा पडला होता, आणि त्याचा उजवा हात अजून छातीशी तसाच होता, अंगठा वळवून, बोटं मिटून, कशाभोवती म्हणाल तर कशाच्याच भोवती नाही. "अरेच्चा," तो म्हणाला. बाईंनी वाकून फोन उचलून दिला. तो त्यानं डाव्या हातानं घेतला आणि मजला येईपर्यंत दरवाज्याच्या फटीकडे बघत उभा राहिला.

फोन कुणाच्याही हातातून पडतो. पण पडताना आधी तो सटकतो, आणि सटकतोय हे बोटांना डोक्याच्या आधी कळतं. ती आवळायला बघतात, तेवढ्यात उशीर झालेला असतो. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्याचा जन्म यातच गेला होता. कंपनी फोन बनवायची, आणि फोन हाताला कसा लागतो हे सांगणं एवढंच त्याचं काम. पाठ काचेची की प्लॅस्टिकची की धातूची, कड किती गोल, वजन वरच्या बाजूला जास्त होतंय का, अंगठा ताणावा लागतो का, अर्धा तास धरल्यावर तळहाताला घाम येतो का. यंत्रं होती, आकडे होते, पण शेवटी सगळे त्याच्या तोंडाकडे बघायचे. एकदा कुठल्याशा समारंभात सूत्रसंचालकानं चिठ्ठीवरचं वाचताना त्याचं नाव गाळलं आणि नुसतंच "यांच्या शुभहस्ते" असं दणक्यात म्हणून टाकलं. तेव्हापासून तो सगळ्या मजल्याला शुभहस्ते झाला. "शुभहस्ते आले का?" "हे शुभहस्तेंना दाखवलंस का?" आधी त्याला राग यायचा. मग आवडायला लागलं, आणि आवडतंय हे त्यानं कुणाला कळू दिलं नाही.

निकालाची त्यांची एक पद्धत होती. डोळे लबाड असतात, म्हणून एक लाकडी पेटी केली होती. तिच्या पुढच्या बाजूला दोन भोकं, भोकांना काळ्या कापडाच्या बाह्या, आणि मागची बाजू उघडी. पुढून त्यानं कोपरापर्यंत हात घालायचे, समोरच्या भिंतीकडे बघायचं. मागून कुणीतरी एकेक नमुना उजव्या हातात द्यायचा, डावा नुसता टेकलेला. बाकीचे मागे बसून हात बघणार, तो मात्र काहीच बघणार नाही. आधी हात धुवायचे, स्पिरिटनं पुसायचे, कोरडे करायचे. बोलायचं नाही. आणि शेवटी त्यानं सांगायचं की हा. एवढंच, हा. त्या एका शब्दावर कारखान्यात साचे पडायचे आणि त्यांतले फोन लाखो लोकांच्या खिशात जाऊन बसायचे. आज दुपारी पेटी होती.

प्रसाधनगृहात जाऊन त्यानं नळाखाली हात धरला. पाणी गार होतं हे करंगळीनं सांगितलं. तिच्या शेजारच्या बोटानं अर्धवट दुजोरा दिला. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, तिघंही ढिम्म. त्यानं त्यांची टोकं एकमेकांवर घासली. जाड मोजे घालून दुसऱ्याच्या बोटांना हात लावावा तसं काहीतरी झालं. हे आजचं नव्हतं, आता त्याला कळत होतं. हिवाळ्यात त्यानं थंडीवर ढकललं होतं. नंतर उशाखाली हात दबला असेल म्हणून. मग वय झालं म्हणून, आणि मग काहीच न म्हणता. हात झटकायचा, चार वेळा मूठ मिटायची-उघडायची आणि कामाला लागायचं. पण मग एवढे महिने तो पेटीत बसून काय सांगत होता? तो आठवून सांगत होता. काच करंगळीला गार लागायची, त्यावरून काच आहे हे कळायचं, आणि मग काच हातात कशी लागते हे त्याला वर्षानुवर्षं पाठ होतंच. करंगळी चोरून उत्तर सांगत होती आणि तो ते वर्गात मोठ्यानं म्हणून दाखवत होता. फसवत होता असंही नाही, त्याला खरंच लागल्यासारखं वाटत होतं. ते जास्त वाईट होतं.

ही बोटं वडिलांची होती. वडिलांचं कापडाचं दुकान. ते ठाण उलगडायच्या आधीच कोपरा अंगठा आणि दोन बोटांत धरून चुरायचे आणि मान वळवून रस्त्याकडे बघत राहायचे. लहानपणी त्याला वाटायचं, बाबांचं लक्ष नाही. नंतर कळलं की लक्ष बोटांत जावं म्हणूनच ते रस्त्याकडे बघतात. सुट्टीत ते त्याचे डोळे बांधून हातात तुकडे द्यायचे. चुकला तर रागवायचे नाहीत, फक्त तोच तुकडा पुन्हा द्यायचे, पुन्हा, पुन्हा. शेवटी इस्पितळात त्यांना माणसं ओळखू येईनाशी झाली होती. त्याच्या आईला त्यांनी नर्स समजून धन्यवाद दिले, आणि आई रडायची ती त्या धन्यवादानं. पण एका दुपारी चादरीचा काठ बोटांत चुरत, खिडकीबाहेर बघत, ते अगदी स्वच्छ आवाजात म्हणाले, "सुती म्हणून देतात, निम्मं पॉलिस्टर आहे." त्यानंतर ते फारसं बोलले नाहीत. तो तेव्हा बाजूला बसून हसला होता, आणि बाबांचं सगळं गेलं तरी हे राहिलं याचा त्याला केवढा अभिमान वाटला होता. आपलं बाकी सगळं शाबूत आहे आणि नेमकं तेवढंच गेलं, याला काय म्हणायचं?

दुपारपर्यंत त्याला जागेवर बसवेना. तो कँटीनच्या कोपऱ्यात जाऊन बसला आणि लोकांचे हात बघू लागला. इतकी वर्षं त्यानं फोन बघितले होते. हात बघितले तेही प्रयोगशाळेतले, धुतलेले, पुसलेले. इथं एकजण चमच्यानं खाताखाता डाव्या हातात फोन धरून होता आणि त्याची करंगळी खालून फळीसारखी आडवी लावलेली होती, वजनानं वाकलेली. एका बाईनं फोन दोन्ही हातांत धरला होता, भरलेलं भांडं धरतात तसा. आणि सगळ्यांच्या फोनांवर रबराची कव्हरं. धंद्यातला हा जुना अपमान. तीन-तीन वर्षं घासून, वाद घालून, कडेचा बाक केसभर कमी-जास्त करून पाठ तयार करायची आणि गिऱ्हाइकानं दुकानातून बाहेर पडायच्या आत ती पंधरा मिनिटांत कायमची झाकून टाकायची. "तुम्ही नवरी नटवता आणि आम्ही तिला रेनकोट घालतो," असं एक कव्हरवाला त्याला एकदा प्रदर्शनात म्हणाला होता, आणि दोघंही पोट धरून हसले होते. आज हसू आलं नाही. त्यानं आपल्या हाताकडे पाहिलं. सकाळपासून तो फोन इतका आवळून धरत होता की मनगटापासून कोपरापर्यंत दुखत होतं. पडेल ही भीती. बोटं सांगत नाहीत, म्हणून नुसतं आवळायचं. आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की या कँटीनमधले सगळेच असेच धरतात, त्यांची बोटं धडधाकट असूनसुद्धा. प्रयोगशाळेत माणसं नमुना धरतात तेव्हा तो पोकळ असतो. आत मुलांचे फोटो नसतात, कुणाचा येणारा फोन नसतो, पडला तर फुकटचा पडला. माणसं तो मजेत धरतात आणि कागदावर लिहितात, छान, हलका, हातात बसतो. घरी नेलेला फोन कुणीच मजेत धरत नाही. इतक्या वर्षांत त्यांनी वजन मोजलं, घाम मोजला, आणि धाक मोजायचा राहिला. गुळगुळीत काच हातात चांगली लागते, जोवर ती आपली नाही तोवर. हे त्याला आज कळलं, हात गेल्यावर. त्याला वाटलं, हे धावत जाऊन कुणालातरी सांगावं. मग वाटलं, कुठल्या तोंडानं?

जिन्यात जाऊन त्यानं बायकोला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तिनं "हॅलो" म्हटल्यावर तो एकदम म्हणाला, "हल्ली चहा अर्धाच का देतेस?"

मागे कुकरची शिट्टी झाली.

"मला वाटलं, साखरेसाठी," तो म्हणाला.

"साखरेसाठी साखर कमी करतात हो. चहा कशाला कमी करेन?"

"म्हणजे तुला माहीत होतं."

"कप तिरका होतो तुमच्या हातात. दोनदा पँटवर सांडलात आणि मलाच म्हणालात, कपाचा कान लहान आहे म्हणून."

"कधीपासून माहीत आहे?"

"तुमच्या आधीपासून," ती म्हणाली. मग जरा थांबून, "मी म्हटलं, सांगतील. मग म्हटलं, यांनाच कळलेलं नाही, तर मी कशाला आधी सांगू? तुमचा सगळा जीव त्या बोटांत."

तो पायरीवर बसला. तिला सांगावंसं वाटलं की आज पेटी आहे, आज ठरणार आहे, काचेची पाठ की खरखरीत रेतीची, आणि मला काहीही लागत नाहीये. त्यानं एवढंच सांगितलं, "आज पेटी आहे."

"मग आजारी आहे म्हणून सांगा आणि घरी या. आपण डॉक्टरांकडे जाऊ. यावर उपाय असतात, मी विचारून ठेवलंय."

"विचारूनही ठेवलंयस."

"अहो, मग काय करू? बसून राहू?" ती चिडली होती, आणि ती चिडली याचा त्याला फार आधार वाटला. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ कठड्याचा लोखंडी पाइप धरून बसला. थंड असावा.

आजारी आहे म्हणून सांगता आलं असतं. तो तसं ठरवूनच खाली आला. पण दारातच साचेवालीनं त्याला गाठलं. ती नमुने घडवायची, लाकडाचे, प्लॅस्टिकचे, काचेचे. मजल्यावर साचेवाली याच नावानं ओळखली जायची, आणि शुभहस्तेंना उलटं बोलायची हिंमत असलेली ती एकटीच. काचेची पाठ साहेबांना हवी होती. साहेब विक्रीतून वर आलेले, त्यांचं म्हणणं दुकानात काच चमकते, रेती चमकत नाही. रेती म्हणजे साचेवालीनं वर्षभर खपून केलेली पाठ, बारीक कणांची, हाताला धरून ठेवणारी. आज तिचा चेहरा उतरला होता.

"सर, एक विचारू? रागवू नका."

"विचार."

"रेतीची खालची कड. मला ती टोचते. इथं, अंगठ्याच्या बुडाशी. पहिल्यांदा केली तेव्हापासून टोचते."

"मग बदलली का नाहीस?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. "तुम्ही पास केलीत ना. मी तेव्हाच म्हणणार होते, पण तुम्ही 'हीच' म्हणालात. मला वाटलं, माझाच हात चुकतोय. तेव्हापासून रेतीचे सगळे नमुने तीच कड धरून केलेत."

त्याला तो दिवस आठवला. पेटीत हात, समोर भिंत, आणि आपण अगदी ठामपणे "हीच" म्हटलं होतं. काय लागलं होतं तेव्हा? काहीच आठवेना. तिच्या धडधाकट हाताला टोचत होतं आणि तिनं आपल्या हाताऐवजी त्याच्या मेलेल्या बोटांवर विश्वास ठेवला होता. आता आजारी पडून घरी जाणं म्हणजे ती कडही तशीच पुढे जाऊ देणं. "पेटीनंतर बोलू," तो म्हणाला, आणि हात धुवायला गेला.

साहेब, साचेवाली, आणखी चार-पाचजण मागच्या बाजूला खुर्च्यांवर बसले. त्यानं बाह्यांमधून हात आत घातले. भिंतीवर जुना खिळा होता, तो नेहमी त्याच्याकडेच बघायचा. पहिला नमुना हातात आला. करंगळी लगेच म्हणाली, गार, काच. दुसरा आला. गार नाही, रेती. बाकी बोटं काही बोलली नाहीत. आता "रेती" म्हणणं किती सोपं होतं. आणि खोटंही नव्हतं. कँटीनमध्ये बसून त्याला जे कळलं होतं ते खरंच होतं, रेतीच बरोबर होती, लोकांचा धाक थोडा कमी झाला असता. पण ते त्याच्या डोक्यानं सांगितलं होतं. डोकं काय, साहेबांनाही होतं. त्याच्या शब्दाला किंमत होती ती त्यात डोकं नसायचं म्हणून. आणि रेती म्हटलं की ती टोचणारी कडही लाखो अंगठ्यांच्या बुडाशी जाणार. त्यानं खुणेनं पुन्हा काच मागितली. पुन्हा रेती. खुर्च्यांवर कुणीतरी खाकरलं. बाबांसारखं त्यानं लक्ष बोटांत जाऊ दिलं, सगळं, जेवढं होतं तेवढं, आणि ते तिथं जाऊन रिकाम्या घराच्या दाराशी उभं राहिलं.

"मला फरक कळत नाही," तो म्हणाला.

मग साहेबांनी टाळी वाजवली. "झालं तर! शुभहस्तेंना फरक कळत नाही म्हणजे फरक नाही. आपण वर्षभर उगाच डोकं फोडलं. काच पक्की." खुर्च्या सरकल्या. कुणीतरी चहाचं बोललं. साचेवालीचा आवाज कुठेच नव्हता. त्याचे हात अजून पेटीत होते. त्यानं खरं ते सांगितलं होतं, शब्दन् शब्द खरं, आणि कुणी त्याला खोटं ठरवू शकलं नसतं. आता नुसतं गप्प बसायचं होतं. संध्याकाळी डॉक्टर, काही महिन्यांनी कदाचित बोटं परत, आणि तो पुन्हा शुभहस्ते. इतका सरळ रस्ता त्याला आयुष्यात कधी मिळाला नव्हता, आणि तो मिळाल्याचा त्याला इतका आनंद झाला की त्याचीच त्याला शिसारी आली.

"थांबा," तो म्हणाला. "फरक आहे."

"आत्ता तर म्हणालात—"

"फरक आहे. मला कळत नाही. माझा हात गेलाय." आवाज जरा चढला. "हिवाळ्यापासून. रेतीची कड मी पास केली ती न कळता केली. ती टोचते, हिला विचारा. त्यानंतरचं माझं काहीच धरू नका."

साहेब म्हणाले, "गेलाय म्हणजे काय? हात तर आहे की." त्यानं बाह्यांमधून हात काढला आणि टेबलावर उताणा ठेवला. इतक्या वर्षांत त्या हाताकडे कुणी असं बघितलं नव्हतं, एरवी सगळे हातातल्या नमुन्याकडे बघायचे. साधाच हात होता, जरा गोरा, नखं नीट कापलेली. अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा बसून सपाट झाला होता. ते त्यालाही आत्ताच दिसलं.

साचेवाली पुढे आली आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. "डोळे मिटा, सर," ती म्हणाली. "मी हात लावते. कळलं की सांगा."

त्यानं डोळे मिटले. पंखा फिरत होता. लहानपणी बाबा डोळे बांधायचे तेव्हा तुकडा हातात पडायच्या आधीचा क्षण असाच असायचा, थोडा भीतीचा, थोडा आनंदाचा. तो वाट बघत राहिला. कुणीतरी श्वास सोडला. तो अजून वाट बघत होता. ती घाबरत असेल, त्याला वाटलं, आपल्याला वाईट वाटेल म्हणून लावत नसेल.

"अगं, कर ना सुरू," तो म्हणाला.

त्यानं डोळे उघडले. साचेवालीच्या हातात पेन्सिल होती. तिचं टोक त्याच्या मधल्या बोटाच्या पेरावरून सावकाश खाली येत होतं, आणि त्या बोटावर, तर्जनीवर, अंगठ्यावर करड्या रेघाच रेघा झाल्या होत्या. तिचे डोळे भरले होते, तरी ती ओढतच होती. साहेब उठले, दोन्ही नमुने उचलून त्यांनी पेटीच्या मागे पुन्हा नीट मांडले आणि वर न बघता साचेवालीला म्हणाले, "जा, हात धुवून ये."